नाव ठेवणे आणि नावे ठेवणे : ‘ॲलोपॅथी’ या शब्दाविषयी

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन वाक्प्रचारांत एका मात्रेचा फरक आहे आणि अर्थात मात्र बारसे आणि निंदा यांच्याइतके अंतर आहे. ‘ॲलोपॅथी’ या शब्दाच्या बाबतीत ही मात्रा केव्हाच गळून पडली आहे. विरोधकाने नावे ठेवण्यासाठी घडवलेला हा शब्द आज नाव म्हणून वापरला जातो. दवाखान्याच्या पाटीवर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, विधिमंडळातील भाषणात आणि विशेष म्हणजे ज्यांच्यावर तो आरोप होता त्यांच्या तोंडीही तो सर्रास आढळतो. हा शब्द निरुपद्रवी आहे, मुळात त्याचा अर्थ काहीही असो, आज तो केवळ एका उपचारपद्धतीची ओळख सांगतो आणि त्याच्यावर आक्षेप घेणे हा भाषाशुद्धीचा अतिरेक होय, असे मत सुशिक्षित वर्गात वरचेवर मांडले जाते. ते मत का टिकत नाही, हे तपासण्यासाठी शब्दाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

सॅम्युएल हानेमान हा १७५५ साली जर्मनीतील माइसेन येथे जन्मलेला वैद्य होमिओपॅथीचा प्रवर्तक. त्याचा ‘ऑर्गॅनॉन’ हा मुख्य ग्रंथ १८१० साली प्रसिद्ध झाला. निरोगी माणसात एखादे द्रव्य जी लक्षणे उत्पन्न करते, तशाच लक्षणांच्या रोगावर ते द्रव्य गुणकारी ठरते, हा त्याचा सिद्धान्त होता. ‘होमोइओस’ म्हणजे सारखे आणि ‘पॅथोस’ म्हणजे पीडा, वेदना किंवा भोग या ग्रीक शब्दांवरून त्याने आपल्या पद्धतीला ‘होमिओपॅथी’ हे नाव दिले आणि प्रचलित वैद्यकासाठी ‘ॲलोस’ म्हणजे ‘दुसरा’, ‘भलता’ या शब्दापासून ‘ॲलोपॅथी’ हा शब्द तयार केला. त्यामागील अभिप्राय सरळ होता : हे लोक रोगाशी काहीही संबंध नसलेली भलतीच पीडा रोग्याच्या अंगी निर्माण करतात आणि तिलाच उपचार म्हणतात.

आपल्याकडे लोकप्रिय व्याख्यानांतून आणि लेखांतून ॲलोपॅथी म्हणजे ‘विरुद्ध चिकित्सा’ असा अर्थ सांगितला जातो, तो मुळातच चुकीचा आहे. हानेमानने उपचारांचे तीन प्रकार मानले होते. रोगलक्षणांशी सदृश परिणाम घडवणारा तो होमिओपॅथिक. रोगलक्षणांच्या नेमका उलट परिणाम घडवणारा, म्हणजे बद्धकोष्ठाला रेचक किंवा निद्रानाशाला अफू देणारा, तो अँटीपॅथिक किंवा एनँटिओपॅथिक. आणि रोगाशी सदृशही नाही व विरुद्धही नाही, असे काहीतरी तिसरेच करणारा तो ॲलोपॅथिक. डोके दुखत असता जुलाब देणे, छातीतील रोग ‘खेचून’ घेण्यासाठी कातडीवर फोड उठवणे, असे प्रकार या तिसऱ्या सदरात येत. पुढे वादाच्या भरात त्याने स्वतःच साऱ्या जुन्या पंथाला मिळून ॲलोपॅथी म्हटले, हे खरे. पण ‘विरुद्ध’ हा अर्थ त्याच्या स्वतःच्या वर्गीकरणात दुसऱ्या शब्दाकडे होता. म्हणजे जो शब्द आग्रहाने वापरला जातो, त्याचा त्याच्या जनकाने सांगितलेला अर्थही वापरणाऱ्यांना ठाऊक नसतो.

हानेमानचा संताप अनाठायी होता, असे मात्र कोणी म्हणू नये. त्याच्या काळचे युरोपीय वैद्यक खरोखर भयावह होते. शिरा उघडून रक्त काढणे, जळवा लावणे, पाऱ्याचे क्षार पोटात देऊन लाळ गळेपर्यंत थांबणे, वांत्या आणि जुलाब करवणे, हे त्या वैद्यकाचे मुख्य आधार होते. १७९२ साली पवित्र रोमन सम्राट दुसरा लिओपोल्ड वारंवार रक्तमोक्षण केल्यानंतर मरण पावला, तेव्हा हानेमानने राजवैद्यांवर जाहीर टीका केली होती; १७९९ साली जॉर्ज वॉशिंग्टनच्या घशाच्या आजारात एका दिवसात त्याच्या अंगातील कितीतरी रक्त काढण्यात आले आणि त्याच रात्री तो गेला. अशा वैद्यकापुढे काहीही न करणारी साखरेची गोळीसुद्धा उपकारक ठरली असती आणि होमिओपॅथीच्या आरंभीच्या लौकिकाचे बरेचसे श्रेय रोग्याला मोकळे सोडण्याच्या तिच्या या गुणाकडे जाते. होमिओपॅथी गुणकारी आहे की नाही, हा स्वतंत्र वाद आहे आणि तो येथे करण्याचे कारण नाही. येथे प्रश्न एवढाच की, ज्या वैद्यकाला हानेमानने हे नाव ठेवले, ते आज कोठे आहे?

ते कोठेही नाही. पॅरिसमध्ये प्येर लुई या वैद्याने रोग्यांची मोजदाद करून, कोणाचे रक्त केव्हा काढले आणि कोण किती दिवसांत बरा झाला याचे तक्ते मांडून, १८३५ साली रक्तमोक्षणाचा उपयोग मानला जातो त्याहून फार कमी आहे, हे आकड्यांत दाखवले. हानेमान १८४३ साली वारला. त्यानंतर तीन वर्षांनी ईथरची भूल शस्त्रक्रियेत आली, १८६७ साली लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली, १८८२ साली कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. जुन्या वैद्यकाचा अंत होमिओपॅथीने घडवला नाही. त्याच्याच पोटातून निघालेल्या मोजणाऱ्या, सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या आणि शवविच्छेदन करणाऱ्या पिढीने तो घडवला. अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणाऱ्या अब्राहम फ्लेक्सनरने १९१० च्या आपल्या अहवालात ही गोष्ट नेमकी हेरली होती : आधुनिक वैद्यकाला होमिओपॅथीविषयी जितकी आस्था नाही तितकीच ॲलोपॅथीविषयीही नाही, कारण दोन्ही मते आधी सिद्धान्त ठरवून मग रोग्याकडे वळतात, असा त्याचा आशय होता. ज्या देहावर हा शब्द डागला होता तो सरणावर गेला आणि डाग मात्र वारसाच्या अंगावर दाखवला जातो आहे.

आता ‘विरुद्ध चिकित्सा’ हा अर्थ चुकीचा असला तरी रूढ आहे म्हणून वादापुरता तो मान्य करू. तसे केल्यास एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते, कारण विरुद्ध गुणांनी रोग शमवण्याचे तत्त्व सर्वांत व्यवस्थितपणे ज्या शास्त्राने मांडले ते आयुर्वेद होय. समान गुणांनी वाढ होते आणि ‘विशेष’, म्हणजे भिन्न, गुणांनी ऱ्हास होतो, हे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायातील प्रतिपादन आहे. रोगनिदानात उपयोगी पडणाऱ्या ‘उपशय’ या संकल्पनेचे, म्हणजे कोणत्या औषधाने, अन्नाने किंवा वागणुकीने रोग्याला बरे वाटते या परीक्षेचे, अठरा प्रकार आयुर्वेद सांगतो आणि त्यांतील नऊ हेतूच्या, व्याधीच्या किंवा दोहोंच्या ‘विपरीत’ आहेत. उरलेले नऊ ‘विपरीतार्थकारी’, म्हणजे वरवर रोगासारखे भासणारे पण परिणामी त्याच्या उलट जाणारे. म्हणजे सादृश्य आणि विरोध या दोन्ही वाटा आयुर्वेदाने हानेमानच्या कित्येक शतके आधी एका तक्त्यात बसवल्या होत्या. ॲलोपॅथी म्हणजे विरुद्धोपचार असेल, तर गावचा वैद्य पित्तावर थंड गुणाचे औषध देतो तेव्हा तो पक्का ॲलोपॅथ ठरतो. हा निष्कर्ष कोणत्याच पक्षाला रुचणार नाही.

याच शब्दाच्या आडून येणारा दुसरा आरोप म्हणजे ‘ॲलोपॅथी लक्षणे दाबते, मूळ रोग काढत नाही’. पॅरासिटॅमॉल ताप उतरवते, तापाचे कारण दूर करत नाही, हे खरेच आहे आणि कोणताही प्रामाणिक डॉक्टर ते नाकारत नाही. पण क्षयावरची औषधे क्षयाच्या जंतूला मारतात, सुजलेले ॲपेंडिक्स कापून काढले जाते, ज्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होत नाही त्याला इन्सुलिनच पुरवले जाते. यांत लक्षण दाबणे कोठे आले? उलट हानेमानचा सारा भर लक्षणसमुच्चयावर होता. शरीराच्या आत रोग कसा घडतो याविषयीच्या तर्कांना त्याने फारशी किंमत दिली नाही. लक्षणांवर बोट ठेवणाऱ्या पद्धतीच्या शब्दकोशातून, जंतू शोधणाऱ्या शास्त्रावर केवळ लक्षणे पाहिल्याचा ठपका यावा, याला उलटा चोर कोतवालाला दटावतो असेच म्हणावे लागेल.

शब्दाच्या समर्थकांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद रूढीचा आहे. ‘योगाद् रूढिर्बलीयसी’, म्हणजे व्युत्पत्तीने निघणाऱ्या अर्थापेक्षा रूढ अर्थ बलवान असतो, हे आपल्याकडील शास्त्रकारांनीच सांगून ठेवले आहे. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थ ‘वाईट हवा’ असा आहे. म्हणून कोणी तो शब्द टाकून द्या म्हणत नाही. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयावरून आला. तेव्हा एकट्या ॲलोपॅथीचीच जन्मपत्रिका का तपासायची? या प्रश्नाचे उत्तर मलेरियातच आहे. मलेरिया हा शब्द उच्चारून आज कोणीही असे म्हणत नाही की, अर्थाप्रमाणे रोग हवेतून येतो, सबब मच्छरदाणी लावू नका. तेथे व्युत्पत्ती खरोखर मेली आहे. हिस्टेरियाचे उदाहरण मात्र समर्थकांच्याच अंगावर येते, कारण त्या शब्दातील गर्भाशय फार काळ जिवंत राहिले, बायकांच्या दुखण्याकडे पाहण्याची दृष्टी त्याने बिघडवली आणि म्हणूनच मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणातून तो शब्द काढावा लागला. ॲलोपॅथी हा शब्द हिस्टेरियाच्या जातीचा आहे. त्याची व्युत्पत्ती, तीही चुकीची, रोज पुरावा म्हणून पुढे केली जाते : नावातच विरोध आहे, म्हणून ती शरीराशी भांडते, नावातच परकेपणा आहे, म्हणून ती ‘गरम पडते’. जो मूळ अर्थ वादात साक्षीला उभा केला जातो, त्याला रूढीने मारले असे म्हणता येत नाही.

शिवाय या शब्दाने मराठीला ‘पॅथी’ नावाचे एक स्वतंत्र नाम देऊन टाकले आहे. ‘कोणत्या पॅथीचे डॉक्टर?’, ‘आमची पॅथी’, ‘सर्व पॅथी समान’ अशी वाक्ये सहज कानी पडतात आणि त्यांत पॅथी म्हणजे उपचारपद्धती असे गृहीत असते. वास्तविक पॅथोस म्हणजे दुखणे. जुन्या मधुमेहाच्या रोग्याची फाइल उघडली तर तिच्यात पायांच्या बधिरतेला न्यूरोपॅथी, मूत्रपिंडाच्या बिघाडाला नेफ्रोपॅथी आणि डोळ्याच्या पडद्यातील दोषाला रेटिनोपॅथी म्हटलेले असते; ही तिन्ही रोगांची नावे आहेत. त्याच फाइलच्या मुखपृष्ठावर रुग्णालय आपल्या सेवांच्या यादीत ‘ॲलोपॅथी’ छापते, तेव्हा एकाच कागदाच्या गठ्ठ्यात एकच प्रत्यय आत व्याधी आणि बाहेर उपचार असा दुहेरी नांदत असतो.

खरी हानी मात्र शब्दार्थाच्या पलीकडची आहे. ‘पॅथी’ म्हटले की पंथ आला, पंथ आला की निष्ठा आली, आणि ‘या औषधाने गुण येतो का, कोणाला येतो, किती जणांना अपाय होतो’ हा प्रश्न मागे पडून ‘हे औषध कोणाचे’ हा प्रश्न पुढे येतो. हा फरक एका कोकणी उदाहरणाने स्पष्ट होईल. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. एकीकडे मांत्रिकाकडून विंचू उतरवला जाई, तर दुसरीकडे सरकारी दवाखान्यातही परिणामकारक उपाय नव्हता. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या : घामाने डबडबलेले अंग, थंडगार हातपाय, वांत्या, आधी चढणारा आणि मग कोसळणारा रक्तदाब, शेवटी फुफ्फुसात साचणारे पाणी आणि तोंडाला येणारा फेस. ही निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विषामुळे शरीरातील उत्तेजक रसायनांचा लोंढा सुटतो आणि हृदय थकते, हे ध्यानात आल्यावर त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले आणि १९८६ साली त्याचेही निष्कर्ष तेथेच छापून आले.

येथे कोणी म्हणेल की, चढलेल्या रक्तदाबावर तो उतरवणारे औषध, म्हणजे हा विरुद्धोपचारच झाला. परंतु पुढची हकिकत या तर्काला पुरून उरते. विंचवाच्या विषावरचे प्रतिविष, म्हणजे घोड्याला विष टोचून त्याच्या रक्तद्रवापासून मिळवलेले औषध, उपलब्ध झाले, तेव्हा ज्यांचे नाव प्राझोसिनशी जोडले गेले होते त्याच डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी सत्तर रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून चाचणी घेतली. दहा तासांअखेर प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या पस्तिसांपैकी बत्तीस रोगी पूर्ण बरे झाले होते आणि केवळ प्राझोसिन मिळालेल्या पस्तिसांपैकी आठ. हे निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याच औषधाला दुसऱ्या औषधाच्या आधाराची गरज आहे, हे आपल्याच हाताने सिद्ध करून जाहीर करणे कोणत्या ‘पॅथी’त बसते? सिद्धान्ताला बांधलेला माणूस असे करत नाही, कारण त्याच्या लेखी निकाल आधीच लागलेला असतो.

‘ॲलोपॅथी’ला पर्याय म्हणून ‘पाश्चात्त्य वैद्यक’ किंवा खेड्यापाड्यांतले ‘इंग्रजी औषध’ पुढे केले जाते; तेही चालणार नाही. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यांच्या वापरात पूर्वापार होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रोग्यांना ती देऊन, आकडे मांडून, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला आणि त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांनी ती वापरली, १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. औषध येथले, वैद्य येथला, रोगी येथले. तरी ते इंग्रजी कसे? उलट रिसर्पिनपेक्षा कमी अपायकारक औषधे मिळाली, तसे ते मागेही पडले. या शास्त्रात आत येण्याची अट कसोटीला उतरण्याची आहे आणि बाहेर पडण्याचीही तीच आहे.

मग म्हणावे काय? याचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्याने ‘वैद्यक’ या शब्दाची व्याख्या ‘आधुनिक वैज्ञानिक वैद्यक, सर्व शाखांसह’ अशी केली आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानेही तीच ठेवली. दोन्ही व्याख्यांत ॲलोपॅथी हा शब्द नाही. दुर्दैवाने त्याच संसदेने २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्यात मान्यताप्राप्त पद्धतींची यादी देताना योग, निसर्गोपचार, आयुर्वेद, होमिओपॅथी यांच्या पंक्तीला ‘ॲलोपॅथी’ बसवली. डॉक्टरांच्या संघटना तर याहून पुढे गेल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची परवानगी देणारी अधिसूचना निघाली, तेव्हा त्यांनी ‘मिक्सोपॅथी’ अशी आरोळी ठोकली. मिसळ झाली असे म्हणायचे, तर आधी आपण मिसळीतला एक घटक आहोत हे कबूल करावे लागते. विरोध करण्याच्या घाईत त्यांनी विरोधकाचाच शब्द डोक्यावर घेतला.

महाराष्ट्रातला वाद याच वाटेने भरकटला. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या मुंबईच्या एका डॉक्टरने तापाच्या रोग्याला आधुनिक औषधे दिली आणि रोगी दगावला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, ज्या शास्त्राचे शिक्षण घेतलेले नाही त्यातील औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय, असे ठरवले. पुढे २०१४ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपॅथांना अशी औषधे देण्याची वाट मोकळी केली. यात विचारण्याजोगा प्रश्न एकच होता : एका वर्षात शिकून माणूस हृदयविकाराचा झटका ओळखू शकेल काय, मात्रा चुकली तर सावरू शकेल काय? त्याऐवजी ‘आमच्या पॅथीत त्यांची घुसखोरी’ आणि ‘तुमच्या पॅथीची मक्तेदारी’ असे बांधावरचे भांडण रंगले, आणि बांधाच्या भांडणात पिकाकडे कोणी पाहत नाही.

‘आधुनिक’ हे विशेषण इतरांना जुनाट ठरवते, असा आक्षेप आयुर्वेदाचे अभ्यासक घेतात आणि त्यात तथ्य आहे. विशेषणाशिवाय नुसते ‘वैद्यक’ म्हटले तर अधिक बरे. जेथे भेद दाखवणे अपरिहार्य असेल तेथे ‘आधुनिक वैद्यक’ म्हणावे आणि ‘आधुनिक’चा अर्थ कालदर्शक घ्यावा, गुणदर्शक घेऊ नये. नफेखोरी, अनावश्यक तपासण्या आणि रोग्याशी तुटक वागणूक हे या वैद्यकाच्या व्यवसायातले दोष खरे आहेत. त्यांवर कठोरपणे लिहावे, पण ते दोष त्यांच्या नावाने सांगावेत. रोगी पाठवण्याबद्दल दलाली घेण्याच्या कट प्रॅक्टिसला कट प्रॅक्टिस म्हणावे. तिचे खापर दोन शतकांपूर्वीच्या ग्रीक समासावर फोडण्याची गरज नाही.

औषधांच्या वेष्टनांविषयीच्या नियमांनुसार आयुर्वेदिक औषधावर ‘आयुर्वेदिक औषध’ आणि होमिओपॅथिक औषधावर ‘होमिओपॅथिक औषध’ असे छापावे लागते. मेडिकलच्या दुकानातून पॅरासिटॅमॉलची पट्टी आणून उलटून पाहिली, तर घटकद्रव्याचे नाव, मिलिग्रॅममधील प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि किंमत, एवढे सारे त्या चंदेरी कागदावर बारीक अक्षरांत सापडते. ‘ॲलोपॅथी’ हा शब्द तेथे नसतो आणि तो छापा, असे कोणताही नियम सांगत नाही.